अक्कलदाढेने शिकवलेली अक्कल

(मंडळाच्या वर्धापनदिनी दुपारच्या कार्यक्रमात एका सभासद भगिनीने केलेले भाषण.)



बोलायला उभी राहिले खरी, पण पाय कापत आहेत. आजवर या सभागृहात मी सतरंज्या घातल्या, हळदीकुंकवाची तबके फिरवली, भजनात झांजा वाजवल्या. भाषण मात्र कधी केले नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंत झालेले. तेव्हा मी काही वैद्यकाचे ज्ञान सांगणार नाही. माझी अक्कलदाढ दुखली, ती काढली, त्यात मी काय काय चुका केल्या आणि डॉक्टरीणबाईंनी मला काय काय समजावले, एवढेच सांगणार आहे. गेल्या महिन्यात हा विषय निघाला तेव्हा चार-पाच जणी गालाला हात लावून म्हणाल्या, “अगबाई, माझीही दुखते, पण काढायची भीती वाटते.” सेक्रेटरीबाईंनी ते ऐकले आणि मला इथे उभे केले.

अक्कलदाढ म्हणजे जबड्याच्या अगदी टोकाची शेवटची दाढ. वर दोन आणि खाली दोन अशा चार. साधारण सतरा ते पंचवीस या वयात, म्हणजे माणसाला अक्कल येण्याच्या वेळेला त्या येतात, म्हणून हे नाव पडले. कोणाला चारही येतात, कोणाला दोनच, आणि कोणाला मुळीच येत नाहीत. बाकीचे दात आधी येऊन आपापली जागा धरून बसलेले असतात. मागाहून येणाऱ्या या दाढेला पुष्कळदा जागाच उरत नाही. भरलेल्या एस्.टी.त शेवटी चढणाऱ्या बाईसारखी ती मग अंग चोरून तिरकी उभी राहते, नाहीतर पुढच्या दाढेला रेटा देत आडवी होते. अर्धी बाहेर आणि अर्धी हिरडीखाली अशी राहिली, की वरच्या हिरडीच्या पदराखाली अन्नाचे कण अडकतात. तिथे ब्रश पोहोचत नाही. मग ती जागा सुजते, पू धरते, आणि शेजारची चांगली दाढही किडू लागते.

माझी खालची डावीकडची दाढ अशीच तिरकी होती. तिशीत असताना ती वर्षातून एखादी कळ द्यायची आणि आपोआप थांबायची. गेल्या वर्षी वटपौर्णिमेच्या सुमारास मात्र ती सारखी ठणकू लागली. मी कोणाला सांगितले नाही. आपल्या बायकांची रीतच अशी आहे. मुलाला शिंक आली तर आपण डॉक्टर गाठतो, आणि आपले दुखणे मात्र पदराच्या गाठीला बांधून ठेवतो. थोरलीची कॉलेजची फी भरायची होती, सासूबाईंचे मोतीबिंदूचे ऑपरेशन व्हायचे होते. त्यात माझ्या दाढेचे कौतुक कोण करणार?

मग घरचे उपाय सुरू झाले. लवंगेच्या तेलाचा बोळा ठेवला. त्याने तास-दोन तास बरे वाटायचे, कारण लवंगेत बधिर करण्याचा गुण आहे. पण आतला पू काही त्याने जात नाही. एकीने सांगितले म्हणून डोकेदुखीची गोळी हिरडीवर दाबून ठेवली, तर हिरडी भाजल्यासारखी पांढरी पडली. औषधाच्या दुकानात जाऊन “दाढदुखीवर काहीतरी द्या” म्हणून गोळ्या आणल्या. दोन दिवसांत दुखणे थांबले तशा उरलेल्या गोळ्या फडताळात ठेवून दिल्या. पंधरा दिवसांनी दाढ पुन्हा दुखली, पुन्हा त्यातल्या दोन घेतल्या. असे तीनदा झाले. पू मारण्याच्या गोळ्या अर्ध्यावर सोडल्या की रोग अर्धामुर्धा राहतो आणि पुढे त्याच औषधाला दाद देईनासा होतो, हे मला तेव्हा कोणी सांगितले नव्हते. आणखी एक उपाय मी करत होते, तो पुढे सांगेन. तो सांगायला मला थोडा धीर गोळा करावा लागेल.

गणपतीत गौरी आल्या. पुरणाचा घाट, पाहुणे, सवाष्णी. डावा गाल सुजलेला. मी डोक्यावरचा पदर पुढे ओढून वावरत होते आणि रात्री तव्यावर फडके गरम करून बाहेरून शेकत होते. गौरी गेल्या त्या रात्री ताप भरला. सकाळी तोंड उघडायला गेले तर बोटभरच उघडले. घास जाईना, थुंकी गिळताना घसा दुखू लागला. तेव्हा शेजारच्या वहिनींनी मला जवळजवळ ओढतच दातांच्या दवाखान्यात नेले. थोरलीही बरोबर आली.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, फार तर तिशीच्या. त्यांनी गळ्याखाली हाताने चाचपून पाहिले, तोंड किती उघडते ते पाहिले आणि म्हणाल्या, “ताई, आज आलात हे फार बरं केलंत. ही सूज जबड्याखालून गळ्यात उतरली तर श्वास कोंडतो. मग हे काम दवाखान्याचं राहत नाही, मोठ्या इस्पितळाचं होतं. आणि बाहेरून शेकू नका, त्यानं आतला पू पसरतो.”

मला वाटले होते की त्या लगेच चिमटा घेऊन दाढ उपटतील. तसे झाले नाही. प्रथम त्यांनी फोटो काढायला पाठवले. त्या फोटोला ओपीजी म्हणतात. तो काढताना तोंडात फिल्म घालावी लागत नाही. आपण उभे राहायचे, हनुवटी एका टेकणीवर ठेवायची, आणि यंत्र आपल्या डोक्याभोवती फिरते. अर्ध्या मिनिटात सगळ्या दातांचा आणि जबड्याचा फोटो निघतो. भगिनींनो, जाताना एक लक्षात ठेवा: मंगळसूत्र, कुड्या, चमकी, केसांतले आकडे सगळे काढून ठेवावे लागते. बरोबर कोणी विश्वासाचे असावे, म्हणजे जीव दागिन्यांत अडकत नाही. आणि दिवस गेलेले असतील तर फोटोच्या आधी तसे स्पष्ट सांगावे.

फोटो उजेडावर धरून बाईंनी मला दाखवले. माझी दाढ पुढच्या दाढेवर कलंडलेली अगदी स्वच्छ दिसत होती. तिच्या मुळांच्या खाली एक फिकट रेघ होती. ती खालच्या ओठाला आणि हनुवटीला जाणारी शीर. मुळे तिच्या फार जवळ असली तर दाढ काढल्यावर ओठ किंवा हनुवटी काही दिवस बधिर राहू शकते. जिभेच्या शिरेचेही तसेच. बहुतेकांचा बधिरपणा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत जातो, क्वचित एखाद्याचा राहतो. हे त्यांनी आधीच सांगितले आणि मग कागदावर माझी सही घेतली. मी थोडी घाबरले, पण सांगितले हे चांगलेच केले. न सांगता काही झाले असते तर जास्त घाबरले असते.

सूज आणि पू असताना तोंड उघडत नाही आणि बधिर करण्याचे औषधही नीट लागू पडत नाही. म्हणून आधी पाच दिवस गोळ्या आणि कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या दिल्या, आणि आठ दिवसांनी दाढ काढायची असे ठरले. सगळ्यांच्याच बाबतीत असे थांबतात असे नाही. कुठे आधी पू काढून टाकतात, कुठे लगेच दाढ काढतात. ते डॉक्टरांनी पाहून ठरवायचे.

मग त्यांनी प्रश्न विचारले. रक्तदाब आहे का? साखर आहे का? हृदयाचे काही दुखणे? रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहे का? हाडे ठिसूळ झाली म्हणून गोळ्या किंवा इंजेक्शने घेता का? कोणत्या औषधाने अंगावर पुरळ उठते का? पूर्वी कधी जखमेतून रक्त थांबले नाही असे झाले आहे का? दिवस गेले आहेत का, अंगावर पाजता का? या एकेका उत्तरावर औषध बदलते, म्हणून आपल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून न्यावीत. पण चालू असलेली कोणतीही गोळी आपल्या मनाने बंद करू नये.

शेवटी त्यांनी विचारले, “तंबाखू, मशेरी काही लावता?”

मी म्हणाले, “छे हो.”

मैत्रिणींनो, ते खोटे होते.

तेरा वर्षांची असताना माझा दात दुखला होता. आजीने तव्यावर भाजून काळी केलेली तंबाखूची पूड माझ्या बोटावर चिमूटभर ठेवली आणि म्हणाली, “चोळ, थांबेल.” थांबला खरा. त्या दिवसापासून सकाळी एकदा आणि दुपारी जेवणानंतर एकदा मी मशेरी लावत आले. तीस वर्षे झाली. चहाच्या डब्यामागे माझी छोटी डबी असते. दाढ दुखू लागली तशी मी दिवसातून चार-पाचदा लावू लागले. हाच तो माझा सांगायचा राहिलेला उपाय. आणि दवाखान्यात शेजारी माझी मुलगी बसली होती, जिला मी लहानपणापासून व्यसनाचे तोटे सांगत आले. शिवाय तुम्हाला आठवत असेल, 31 मेला तंबाखूविरोधी दिनी आपल्या मंडळाने फेरी काढली होती. पुढचा फलक माझ्याच हातात होता. तेव्हा खरे बोलायला माझी जीभ वळली नाही.

आता प्रत्यक्ष दाढ काढतात तेव्हा काय होते ते सांगते.

तो पितृपक्ष होता. कोणी म्हणाले, पितृपक्षात असले काही करू नये. त्यावर सासूबाईच म्हणाल्या, “दुखणं काय पंचांग बघून येतं? जा तू. तीन बाळंतपणं काढलीस आणि एका दाढेला काय भितेस!” मी उपाशी पोटी जाणार होते, कारण माझा उपास होता. पण बाईंनी आधीच बजावले होते की नुसती जागा बधिर करून दाढ काढायची असेल तर थोडे खाऊन यावे. उपाशी पोटी चक्कर येते. म्हणून मऊ भात खाऊन, दात घासून गेले. क्वचित पूर्ण गुंगी देऊन दाढ काढतात, तेव्हा मात्र उपाशीच राहायचे असते. तेव्हा हे आधी विचारून घ्यावे.

खुर्चीत बसल्यावर हिरडीला आधी थंडगार मलम लावले, मग जबड्याच्या मागच्या बाजूला सुई दिली. सुई टोचते, खोटे कशाला बोलू? मुंगी डसल्यासारखी नव्हे, मधमाशी डसल्यासारखी. पण पाच-सात सेकंदच. थोड्या वेळाने अर्धा ओठ आणि अर्धी जीभ जड झाली. ओठ सुजून गाडग्याएवढा झाला आहे असे वाटत होते. आरशात पाहिले तर होता तेवढाच!

आमच्या थोरलीने मला नंतर वाचून सांगितले की पूर्वी दात काढायचा म्हणजे माणसाला चौघांनी धरून ठेवावे लागे. 1844 साली अमेरिकेत होरेस वेल्स नावाच्या दंतवैद्याने एक वायू हुंगून आपली स्वतःचीच दाढ दुसऱ्याकडून काढवून घेतली आणि दुखल्याशिवाय दाढ निघते हे दाखवून दिले. आज दवाखान्यात बधिर करायला जे लिग्नोकेन सर्रास वापरतात, ते 1943 साली स्वीडनमध्ये तयार झाले. म्हणजे आपल्या पणज्यांनी जे सोसले ते आपल्याला सोसायला नको, ही केवढी मोठी सोय आहे!

बाईंनी सुईच्या टोकाने हिरडी टोचून विचारले, “दुखतंय?” दुखत नव्हते. त्या म्हणाल्या, “तुम्हाला दाब कळेल, आवाज ऐकू येईल, पण कळ येणार नाही. आलीच तर डावा हात वर करा, मी थांबेन.” हा हात वर करण्याचा करार फार उपयोगी पडतो. तोंड तर उघडे, बोलणार कसे?

तिरकी दाढ सरळ उपटता येत नाही. आधी हिरडीला छोटी चीर देतात, दाढेला धरून बसलेले थोडे हाड पाण्याचा फवारा सोडत बारीक यंत्राने कोरतात, आणि मग दाढेचे दोन-तीन तुकडे करून एकेक काढतात. त्या यंत्राची घरघर कानाशी होते. मध्येच ‘कट्’ असा आवाज झाला, तेव्हा माझा जबडाच मोडला असे वाटून मी हात वर केला. बाई थांबल्या आणि म्हणाल्या, “दाढेचा तुकडा झाला ताई, जबडा जागेवर आहे.” जबड्यावर दाब मात्र चांगलाच पडतो. वहिनी म्हणतात, माझ्या मुठी शेवटपर्यंत आवळलेल्या होत्या. मग दोन टाके घातले, कापडाची घडी दाबून धरायला दिली आणि संपले. पाऊण तास लागला. वरची सरळ दाढ असेल तर पाच-दहा मिनिटांतही निघते.

घरी आल्यावर काय करावे ते मी नीट सांगते, कारण अर्धे यश त्यात असते.

कापडाची घडी तासभर घट्ट चावून धरायची. सारखी काढून बघायची नाही. दाढ निघालेल्या खड्ड्यात रक्ताची गाठ बसते. ती गाठ म्हणजे जखमेचे झाकण. ते झाकण सांभाळणे हेच पहिल्या दिवसाचे काम. म्हणून चोवीस तास थुंकायचे नाही, गुळणी करायची नाही, नळीने ओढून काही प्यायचे नाही. लाळ आली तर गिळावी. लाळ थोडी लालसर दिसली म्हणून घाबरू नये. रक्त वाहतच राहिले तर स्वच्छ कापडाची नवी घडी अर्धा तास दाबून धरावी, आणि तरीही थांबले नाही तर दवाखाना गाठावा.

पहिल्या दिवशी बाहेरून फडक्यात बर्फ गुंडाळून लावावा. वीस मिनिटे लावायचा, वीस मिनिटे थांबायचे. बधिरपणा तीन-चार तास राहतो. तेवढ्या वेळात गरम चहा घेऊ नये. तोंड पोळले किंवा ओठ चावला गेला तरी कळत नाही. दुखण्याची गोळी बधिरपणा पूर्ण उतरण्याच्या आधीच, सांगितली तशी घ्यावी. रात्री दोन उशा घेऊन निजावे.

खायला गार दूध, ताक, नाचणीचे गार आंबील, निववलेला मऊ वरणभात, कुस्करलेले केळे. भाकरी, चिवडा, दाणे, तीळ, ठेचा आठवडाभर दूर ठेवावे. दुसऱ्या दिवसापासून कोमट पाण्यात मीठ घालून जेवणानंतर हलकेच खळबळावे. खळखळ चूळ भरू नये, पाणी तोंडात फिरवून सोडून द्यावे. बाकीचे दात ब्रशने घासावेत.

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यांत जास्त असते, हे आधी माहीत असले की जीव घाबरत नाही. माझा गाल लाडवासारखा झाला होता आणि तोंड दोन बोटेच उघडत होते. मग उतार पडतो. साधारण आठवड्याने टाके काढतात. काही टाके आपोआप विरघळतात. हिरडी दोन-तीन आठवड्यांत भरते, आतले हाड भरायला काही महिने लागतात.

आणि हो, पहिले दोन-तीन दिवस पाण्याची घागर उचलणे, वाकून फरशी पुसणे, चुलीच्या धगीशी बसणे बंद. आमच्याकडे तीन दिवस थोरलीने आणि तिच्या वडिलांनी मिळून स्वयंपाक केला. आमटी पातळ झाली, भात करपला; पण कोणी उपाशी राहिले नाही. मी उगाच वीस वर्षे समजत होते की माझ्यावाचून चूल पेटत नाही.

आता माझी चूक ऐका. तिसऱ्या दिवशी सकाळी मला इतके बरे वाटू लागले की माझा हात चहाच्या डब्यामागे गेला. डोके जड झाले होते, पोट साफ होत नव्हते, काही सुचत नव्हते. म्हटले, उजव्या बाजूला चिमूटभर लावू, डावीकडे बोट नेणारच नाही. लावली, आणि सवयीप्रमाणे जोराने थुंकले.

त्या रात्री जी कळ सुरू झाली, ती दाढेच्या दुखण्याच्या चौपट होती. कानात, कानशिलात, डोळ्यामागे ठणका. तोंडाला घाण वास. गोळीने थांबेना. पहाटे मी भिंतीला डोके टेकून रडत बसले होते. रक्ताची गाठ निघून गेली होती आणि खड्ड्यातले हाड उघडे पडले होते. याला ड्राय सॉकेट म्हणतात. काही न चुकताही एखादीला तो होतो, आणि पाळणा लांबवण्याच्या गोळ्या घेणाऱ्या बायकांना थोडा जास्त होतो, म्हणून त्या गोळ्यांचेही आधी सांगावे. पण तंबाखू लावणाऱ्यांना तो फार गाठतो. तंबाखूने जखमेकडे येणारे रक्त आवळते, आणि चोळण्या-थुंकण्याने गाठ निसटते.

सकाळी दवाखान्यात बाईंनी जखम धुतली आणि लवंगेच्या वासाची औषधाची पट्टी आत ठेवली. दहा मिनिटांत ठणका उतरला. मग त्यांनी काही न विचारता माझ्याकडे पाहिले. थोरली शेजारीच होती. मी म्हणाले, “बाई, मी मशेरी लावते. तीस वर्षं झाली. परवा खोटं बोलले.”

बाई रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, “दिवसातून किती वेळा?” आणि ते कागदावर लिहून घेतले. मग दिवा जवळ ओढून त्यांनी माझा खालचा ओठ उलटा करून पाहिला. जिथे मी रोज बोट फिरवत असे, तिथे एक पांढुरका चट्टा होता. त्या म्हणाल्या, “मशेरी आजपासून बंद. दोन आठवड्यांनी पुन्हा पाहू. तोवर उतरला नाही तर तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल.” कशासाठी, ते त्यांनी मला समजेल अशा शब्दांत सांगितले. तुम्हालाही समजले असेल. आपल्या गल्लीतल्या दोन बायका आपण तोंडाच्या त्याच रोगाने गमावल्या आहेत.

ते दोन आठवडे मला दोन वर्षांसारखे गेले. थोरली वाटेत काही बोलली नाही. घरी आल्यावर तिने चहाच्या डब्यामागची डबी काढली आणि माझ्या हातात दिली. टाकून दिली नाही, माझ्या हातात दिली. मी ती मोरीत रिकामी केली. पुढचे दिवस सोपे नव्हते. चिडचिड व्हायची, झोप लागायची नाही. दोनदा मी दुकानाच्या पायरीपर्यंत जाऊन परत आले. बडीशेप चघळली, लवंग धरली, भजनाची वही उघडून बसले. दोन आठवड्यांनी चट्टा फिका झाला होता, तीन महिन्यांनी दिसेनासा झाला. तरी दर सहा महिन्यांनी दाखवायला जायचे आहे. आज मशेरी सोडून सहा महिने झाले.

आता चार लहान गोष्टी सांगून आवरते घेते.

वरची दाढ काढली की डोळे जातात, असे आपल्याकडे म्हणतात. ते खरे नाही. दातांच्या शिरा वेगळ्या आणि नजरेच्या शिरा वेगळ्या. या भीतीपायी माझ्या मावशीने दहा वर्षे किडकी दाढ तोंडात वागवली.

प्रत्येक अक्कलदाढ काढावीच लागते असेही नाही. सरळ आलेली, न दुखणारी, ब्रश पोहोचतो अशी दाढ खुशाल राहू द्यावी. माझ्या उजवीकडच्या दोन्ही तशाच ठेवल्या आहेत.

खर्चाचे म्हणाल तर सरळ दाढेचा दर कमी आणि अडकलेलीचा जास्त. मला फोटो आणि औषधे धरून साडेचार हजार पडले. दर आधी विचारायला लाजू नये. खाजगी परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयात दातांचा विभाग असतो. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे सरकारी दंत महाविद्यालये आहेत आणि मुंबईत महापालिकेचे नायर दंत महाविद्यालयही आहे. तिथे वेळ जास्त मोडतो, पैसा कमी.

आणि शेवटचे, हे मात्र पाठच करा. दाढ काढण्याआधी असो की नंतर, सूज गळ्याकडे उतरली, गिळता येईना, श्वासाला त्रास झाला, ताप चढला, किंवा चौथ्या-पाचव्या दिवशी दुखणे कमी होण्याऐवजी वाढले, तर सकाळची वाट पाहू नका. घरात सण असो, पाहुणे असोत, उठा आणि जा.

आमचे हे थट्टेने म्हणतात, “अक्कलदाढ काढली, आता अक्कल गेली असेल.” मी म्हणते, आत्ताच थोडी आली. मी दुखणे लपवले, ते वाढले. गोळ्या लपवून खाल्ल्या, त्या वाया गेल्या. मशेरी लपवली, तिने तर मला पुरतेच लोळवले. उघडे बोलले त्या दिवसापासून बरी होत गेले.

आज हे तुमच्यापुढे बोलायचे की नाही, याचा मी पंधरा दिवस विचार केला. पण या सभागृहात मी एकटीच अशी नाही, हे मला ठाऊक आहे. कोणाची डबी तांदळात असेल, कोणाची देव्हाऱ्यामागे. मी नाव विचारणार नाही. ज्या भगिनीला दातांच्या दवाखान्यात एकटीने जायची भीती वाटते, तिने मला हाक मारावी. मी बरोबर येईन, मंगळसूत्र आणि कुड्या सांभाळीन, आणि तिने बाईंना खरे सांगेपर्यंत शेजारी बसून राहीन. येत्या 31 मेच्या फेरीत फलक पुन्हा माझ्या हाती दिलात तर मी तो आनंदाने धरीन. या वेळी तो धरताना मान खाली घालावी लागणार नाही.

माझे बोलणे लांबले, काही चुकले असेल तर पदरात घ्यावे.